गुरुजींच्या ट्रंकेतला काटा

शेवटचा साधा दिवस रविवार होता. सगुणा औरंगाबादहून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन परभणीला आली, तेव्हा आप्पांनी भाकरी थापून ठेवल्या होत्या. आई गेल्यापासून आप्पा, म्हणजे सटवाजी गुरुजी, स्वतःच रांधत आणि एकटेच जेवत.

जेवणानंतर त्यांनी जपून ठेवलेली एक जाहिरात तिच्यापुढे सरकवली. स्टेशन रोडवरची ‘मनहर’ परमिट रूम तीन महिने बंद होती. आता लाल खुर्च्या, रंगीत दिवे आणि अमेरिकन पदार्थांसह ती नव्याने उघडली होती. बर्गर, तळलेली कोंबडी, चॉप्सी.

“पुढच्या रविवारी तिथंच जेवू,” सगुणा म्हणाली.

“तिथं कशानं जेवतात?”

“काट्यानं, सुरीनं.” तिने पेपरावरून मान वर केली नाही.

गुरुजींनी जाहिरातीची घडी घातली. मग ताटं घेऊन मोरीकडे गेले.

बुधवारी पहाटे ते झोपेतच गेले. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसट्या अडल्या होत्या. सगुणा रेल्वेने संध्याकाळी पोचली, तेव्हा माणसं तिच्यासाठीच खोळंबली होती.

पांढरं कापड काढायला शेजारच्या तानुबाईंनी ट्रंक उघडली आणि एक पुरचुंडी हाती आली. कोपरा उचलला तर आत स्टीलचा काटा आणि सुरी. दोन्हींवर ‘मनहर’ कोरलेलं. गर्दीत ‘मनहर’चे मालक दिनकरराव उभे होते. बाहेर जाऊन ते गुरुजींना चोर म्हणाले. गुरुजींनी पेडगावात तीस वर्षं शिकवलं होतं. तिथले जुने विद्यार्थी त्यांचा फोटो शाळेत लावणार होते. आता त्याविषयी कुणी शब्द काढेना.

शुक्रवारी सगुणा पुरचुंडी न उलगडता चंद्रभान वाकळे यांच्याकडे गेली. पोलीस खातं सोडून त्यांनी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत खाजगी तपासाचं काम थाटलं होतं. त्यांचे मित्र पंडित, व्यवसायाने कंपाउंडर, टिपणं घेत.

“माझे वडील चोर नव्हते, एवढंच सिद्ध करून हवंय,” ती म्हणाली.

“पण ताई, वस्तू तर ट्रंकेतच सापडली,” पंडित म्हणाले.

चंद्रभाननी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पंडित चष्मा पुसू लागले.

पुरचुंडी म्हणजे हॉटेलचा रुमाल होता. पंख्यासारख्या बारीक चुण्या, एक टोक आत खोचून केलेला खिसा, खिशात काटा-सुरी. काट्याच्या दातांत काहीतरी वाळून बसलं होतं. चंद्रभाननी ते नखाने काढून हुंगलं. “ज्वारी,” ते म्हणाले. मग त्यांनी घरी येऊन ट्रंक पाहिली. गुरुजींचे सगळे कपडे चौकोनी, एकाच मापाच्या घडीचे होते.

“तुम्ही दोघं कधी बाहेर जेवला होतात?”

“एकदाच. औरंगाबादला, माझ्या सहकाऱ्यांबरोबर,” सगुणा म्हणाली आणि तिने ट्रंकेचं झाकण लावलं.

तानुबाईंना बोलतं करावं लागलं नाही. “मंगळवारी खिडकीतून बघितलं तर गुरुजी डाव्या हातानं जेवायलते. आयुष्यात कधी पाहिलं न्हाई असं. मला वाटलं, उजव्या हाताला लकवा मारला. हाक मारली तर उजव्याच हातानं खिडकी लावून घेतली की. अन् अंगणात कुत्र्याला टाकलेल्या भाकरीला चार चार भोकं. आता असला कसला उंदीर म्हणावं?”

दिनकररावांनी सांगितलं की गुरुजी सोमवारी दुपारी एकटेच आले, कोंबडी मागवली आणि ताट पुढ्यात घेऊन बसून राहिले. वेटर मुंजाजी बराच वेळ त्यांच्यापाशी होता. मंगळवारी काटा-सुरीचा एक जोड कमी भरला.

मुंजाजीने मान वर केली नाही. काही ठाऊक न्हाई, म्हणाला. बोलताना त्याचे हात रुमालाला चुण्या घालत होते. पंडितांना त्या घडीचं भारी कौतुक वाटलं.

“मुंबईच्या वस्तादानं शिकवली. हितं मला एकट्यालाच जमते.”

“गाव कोणतं?”

“पेडगाव.”

रविवारी दुपारी चंद्रभाननी सगळ्यांना ‘मनहर’च्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि पुरचुंडी मधोमध ठेवली.

“चोर वस्तू खिशात कोंबतो,” ते म्हणाले. “ही रुमालात नीट घालून दिलेली आहे. गुरुजींच्या हातची घडी चौकोनी. ही घडी या शहरात एकाच माणसाला येते, आणि तो पेडगावचा आहे. म्हणजे जोड उचलला नाही, दिला गेला. कशासाठी? दातांत ज्वारी, भाकरीला चार भोकं, आणि डावा हात. काटा डाव्या हातात धरतात. पंडित, तो लकवा नव्हता. तो सराव होता.”

मुंजाजीच्या हातातला रुमाल सुटला.

“म्या दिला, मालक. गुरुजी म्हणले, मुंजाजी, हे धरायचं कसं? त्यांनी माझा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं. मी त्यांचा हात धरला. जमंना, तर म्हणलं घरी न्या, गिरवा. शनिवारी आणून देतो म्हणले.” त्याने पडलेला रुमाल उचलला. “नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई.”

दिनकररावांनी काटा-सुरी उचलून त्याच्यापुढे ठेवली. “नोकरी जात न्हाई,” ते म्हणाले. “उद्या पेडगावला तू संगं चल. बोललो मी, तर शब्द परत घ्यायलाबी मीच जायला पाहिजे.”

“पण सत्तरीत ही घाई कशाला?” पंडितांनी विचारलं.

चंद्रभान उठले. “ते आपलं काम नाही,” म्हणाले आणि मित्राला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले.

सगुणाने दोन ताटं मागवली. मुंजाजीने ती समोरासमोर मांडली आणि न विचारता दूर गेला.

औरंगाबादच्या त्या टेबलावर आप्पांनी भाताचा घास कालवला होता. शेजारी कुणीतरी हसलं होतं, आणि ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली होती, इथं हातानं नको. त्यांनी घास ताटात ठेवला. भूक नाही म्हणाले. दोन वर्षं त्या घासाबद्दल दोघंही बोलले नव्हते.

तिने दोन्ही ताटांशेजारचे काटे-सुऱ्या उचलून बाजूला ठेवल्या. लाल खुर्ची रिकामी होती.

“आप्पा,” ती मोठ्याने म्हणाली, “त्या दिवशी मला तुमची लाज वाटली होती. चुकले मी. हातानं जेवा.”