एकाच हाताच्या गाठी

चहा तिसऱ्यांदा ओतून झाला, तेव्हा इसेनकुलकाकांनी शेकोटीत दोन शेण्या सारल्या आणि पोरांकडे पाहिलं. "मेलिस माझा शेजारी. पोलिसात तपासनीस होता. त्यानं मरताना मला जे सांगितलं, तेच सांगतो."

नोव्हेंबरची नऊ तारीख. मेलिस खिंड ओलांडून मुद्देमालाच्या जुन्या कोठीवर गेला. काम साधं होतं. त्या उन्हाळ्यात एका बाईचा तिच्याच डोईच्या रुमालानं गळा आवळला होता, आणि खुनी सापडत नव्हता. सहा वर्षांपूर्वी हुबेहूब असाच एक खून झालेला. त्याचा मात्र निकाल लागला होता. दोन्हींचा मुद्देमाल शेजारी ठेवून ताडून पाहायचा, एवढंच.

कोठीवाली गुलसारा किल्ली देताना म्हणाली, "मिटलेलं प्रकरण उकरतोस? बायको घरात टिकू देत नाही वाटतं!"

"तुझ्या हातचा चहा प्यायला आलो, मावशी."

"गोड बोलू नकोस. शेगडी पेटवलीय. जपून बस."

ती घरी गेली. अकरा वाजले. मेलिसनं दोन्ही पाकिटं फोडली, रुमाल दिव्याखाली ठेवले. दोन वेढे, मग टोक डावीकडून आत. दुसऱ्यालाही तसंच. भिंग लावून पाहिलं. गाठी एकाच हाताच्या होत्या.

पहिल्या खुनाचा कैदी, मेंढपाळ कुबात, सहा वर्षं तुरुंगात होता. दुसरी बाई मेली तेव्हाही आतच. शिवाय त्याच्या उजव्या हाताची बोटं लोकर कातरायच्या यंत्रात तुटलेली. अशी गाठ त्याला बांधताच आली नसती. हे तेव्हाही दिसत होतं. पण तीन दिवस मारून कबुली घेतली होती... मेलिसनंच.

त्यानं कागद ओढला. 'कुबात निर्दोष आहे,' एवढंच लिहिलं.

एक वाजून वीस मिनिटं. दिवा गेला.

समोरच्या खुर्चीवर कुणीतरी होतं.

"साहेब..."

आवाज ओळखीचा.

"कुबात? तू... कधी सुटलास?"

"आत्ताच."

"मी लिहिलंय बघ. उद्याच पाठवतो..."

त्यानं कागद अंधारात पुढे सरकवला.

"कुबात?"

हळूच, "माझ्या आईला सांगाल?"

"सांगतो. मी स्वतः जाऊन..."

"ती गेली, साहेब. चौथ्या वर्षी."

दिवा आला. खुर्ची रिकामी.

सकाळी मेलिसनं तुरुंगात फोन लावला. कुबात रात्रीच मेला होता, तिकडच्या पहिल्या बर्फात कोठडीत गारठून, एक वाजून वीस मिनिटांनी. कागद वाचून वरिष्ठ म्हणाले, "मेलेल्याला कुठून सोडवणार?" दोन्ही प्रकरणं त्यांनी दाबून टाकली. मेलिसनं नोकरी सोडली. पुढच्या वर्षी खिंडीत तिसरी बाई सापडली, तशीच रुमालानं गळा आवळलेली.

"काका, त्याला भास झाला असेल," एक पोरगा म्हणाला.

काकांनी शेकोटीत आणखी एक शेणी सारली.

"असेल... पण गुलसारानं मला बोलावून दाखवलं. त्या खुर्चीवर ओंजळभर बर्फ होता. शेगडी हातभर अंतरावर, रसरसलेली. आणि त्या साली आमच्याकडे तोवर बर्फ पडलाच नव्हता. मी गेलो तो त्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी... बर्फ तसाच होता."