डाव्या कुशीवरची पाखरं

यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही. आईचे आजोबा भटूनाना सांगायचे, तसंच सांगते.

साल १९०८. श्रावणातली दुपार. चोपड्याजवळ तापीतलं बेट. लेकराला कुशीत घ्यावं तसं ते बेट घेऊन तापीमाय दुथडी वाहत होती.

बेटावर एक म्हातारा इंग्रज राहायचा. पाखरूसाहेब. पाखरं मारून, सोलून विलायतेच्या संग्रहालयाला पाठवायचा. कातड्यात कापूस भरायचं काम भटूचं, म्हणजे तरण्या नानांचं.

आठ वर्षं टपल्यावर साहेबाला लाल चोचीची पाखरं गावली होती. कुणीच न नोंदलेली, म्हणे. ती धड पोचली की त्याचं नाव त्यांना लागणार होतं.

आणि नेमका पुरात कापूस संपला. सगळ्या खानदेशात कापूस, अन् बेटावर बोंडभर नाही.

अशात काठाला एक गादी लागली...

मेलेल्या माणसाचं अंथरूण नदीकाठी टाकतात. त्याला कुणी शिवत नाही. भटूला ते ठाऊक होतं. पण साहेबाच्या कटकटीनं डोकं उठलेलं. त्यानं गादी उसवली, कापूस वाळवला, पाखरांत भरला.

पाखरं फळीवर उताणी मांडली. पाठ फिरवली...

मागं सळसळ झाली.

सगळी पाखरं डाव्या कुशीवर. पाय पोटाशी.

वारा नव्हता.

"भटू, काम करतो का झोपा काढतो?" साहेब करवादला.

भटूनं सरळ केली. पुन्हा कुशीवर. साहेबानं स्वतः टाचण्या मारल्या.

टाचण्या गळून खाली... पाखरं कुशीवर.

पूर जरा ओसरला तसा नावाडी वनाआबा शिधा घेऊन आला. वाळत घातलेली गादीची निळी खोळ बघून थबकला.

"हाई भागाबाईनी गादी शे."

"मंग?" भटूनं विचारलं.

"वरीसभर डाव्या कुशीवर पडेल व्हती ती. तिरडीवर बी सरळ व्हयनी नही. कापूस काढ, तापीले दे."

"उसवली तर फाटतील," साहेब म्हणाला. एक पाखरू पुन्हा सरळ केलं; ते पुन्हा वळलं. मग त्यानंच कात्री उचलली.

कातडी फाटत गेली. कापूस तापीत गेला. आठ वर्षं फळीवर सालपटांसारखी उरली.

साहेबानं रिकामी कातडी पुन्हा उताणी मांडली.

साहेब अन् भटू बघत राहिले. काही झालं नाही.

मग पहिल्या पाखराची लाल चोच... हळूच डावीकडं वळली.

भटूनाना पुढं जन्मभर गादीवर झोपले नाहीत. कापूस तर वाहून गेला होता. मग वळलं कोण, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मलाही नाही. डाव्या कुशीवर जाग आली, की मी आधी पाय लांब होतात का ते बघते...