नावाची घागर

एकोणनव्वद सालची गोष्ट. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मी पांझरेकाठी तोताराम कुंभाराकडे घागर आणायला गेले. आमच्याकडे आखाजीला मेलेल्या माणसासाठी पाणी भरून ठेवतात आणि घरातलं कोणी त्याला नावानं हाक मारतं. मग तो येऊन पितो.

"अक्का, घागर कोना नावनी शे?"

"तुला ठाऊक नाही?"

"माले ठाऊक शे. तुना तोंडतून ऐकनं व्हतं. डोकाना केस पिकनात, तरी लाजस का?"

लाज कसली? बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, एवढंच. लग्नात उखाणा घेतला तेवढाच. आणि मूलबाळ नाही, म्हणजे हाक मारायलाही कोणी नाही.

आमचे हे धुळ्यात कॉलेजात शिकवायचे, पण जीव सगळा इजिप्तमध्ये. तिथल्या थडग्यांच्या छतांवर तारे रंगवलेत. ते आणि आकाशातले तारे ताडून राजा कुठल्या काळात मेला ते हे काढायचे. उभा जन्म तेच. कॉलेजातले चिडवायचे, "काय सर, मढ्यांची कुंडली जमली का?" हे हसायचे. मी नाही हसायची.

एकदा मी पापड वाळत घालत होते, तेव्हा म्हणाले, "तिकडे वैरी मेला तरी भागायचं नाही. भिंतीवरचं त्याचं नाव छिन्नीनं खरवडायचे. नाव गेलं की मेलेला दुसऱ्यांदा मरतो."

हे गेले. तेराव्याला ह्यांचा चेला आला आणि "छापतो, अक्का" म्हणत ह्यांनी लिहिलेलं सगळं घेऊन गेला. पुस्तक आलं ते चेल्याच्या नावानं. मी चौथी शिकलेय. पानापानावरून बोट फिरवलं. ह्यांचं नाव कुठेच नाही.

आखाजीला संध्याकाळी चेला आपण होऊन दारात. जळगावात त्याचा सत्कार होता, आणि ह्यांनी काढलेले थडग्यांचे फोटो त्याला लोकांना दाखवायचे होते.

"देते," मी म्हटलं. "आधी घागरीवर सरांचं नाव घे. मला चालत नाही. तू मुलासारखा."

घागर लोक दुपारीच पुजतात. मी मुद्दाम थांबले होते. ह्यांचा लाडका व्याधाचा तारा पश्चिमेला पार खाली उतरला होता. उन्हाळ्याअखेर तो दिसेनासा होतो. इजिप्तवाले म्हणायचे, मेला. मी निखाऱ्यांवर घास टाकला. जळक्या तुपाचा वास घरभर झाला.

चेल्यानं हात जोडले, तोंड उघडलं आणि स्वतःचंच नाव घेतलं.

"अरे, सरांचं."

"हो हो, चुकलं..." पुन्हा स्वतःचंच, बापाच्या नावासकट. कपाळावर घाम आला. "अक्का... सरांचं नाव आठवतंय, पण तोंडातून..."

"पुस्तकावर छापलंस तेच निघतंय. घे अजून."

त्यानं घेतलं. घागरीतून गटकन आवाज आला आणि पाणी चार बोटं खाली गेलं. चेला गळा धरून मटकन बसला.

"अक्का... थंड पाणी... माझ्या घशात उतरलं..."

"उतरणारच. जित्या माणसाच्या नावानं घागर भरलीस तू."

मग मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जीवराम झिपरू पाटील! पुस्तक तुमचं आहे!"

ओसरीवरून ह्यांचा खोकला आला.

सत्काराला नाव पुकारलं तेव्हा चेला म्हणे जागचा हललाच नाही. कोणाला बोलावतात म्हणून इकडेतिकडे बघत बसला. लोक हसले, मग हसायचे थांबले. सुटका व्हावी म्हणून त्यानंच छापखान्यात जाऊन पुस्तकावर ह्यांचं नाव घातलं. मी बोट फिरवून पाहिलं. जीवराम. बरोबर होतं.

तरी तो सुटला नाही. काही महिन्यांनी त्याची बायको झुंबरबाई आली. डोळे सुजलेले, उंबऱ्याबाहेरच उभी.

"जेवायला वाढलं तर म्हणतात, आखाजी आल्याशिवाय मी कसा जेवू?"

"मग मी काय करू?"

"डॉक्टर म्हणाले, नावानं हाका मारा. मी तर कधी घेतलं नाही, अक्का... आता घ्यावं म्हटलं तर आठवेना. पोरांनाही येत नाही. दारावरची पाटी कोणी खरवडलीय की काय, नुसतं लाकूड दिसतंय..." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "ह्यांचं नाव काय होतं हो?"

मला येतं. मी दार लावून घेतलं.