रिकाम्या गाडीच्या कमानी

धर्मा सुतार कल्याणला गेला होता करवतीचं पातं आणायला, आणि परत आला तो गाडी घेऊन. जयरामकाकांनी गोष्ट इथूनच सुरू केली. खळ्यात शेकोटी पेटली होती. आम्ही मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला. धर्मा काकांच्या मावशीचा मुलगा, तेव्हा हे ऐकीव नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीबाहेर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव लागला होता. त्यात मोटारीच्या मागे जोडायचे ट्रेलर होते. दोन रबरी चाकांचे, मोठ्या लोखंडी पेटीसारखे. धर्माने त्यातला एक घेतला. गावाला वाटलं, गवत वाहायला घेतला असेल. पण त्याच्या मनात दुसरंच होतं. त्याची बायको गोजर पहिल्या खेपेला अडली, तेव्हा तिला लाकडी गाडीतून शहापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. रस्त्याच्या धक्क्यांनी ती अर्धमेली झाली आणि मूल वाटेतच गेलं. आता तिला पुन्हा दिवस होते. ह्या ट्रेलरच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांच्या कमानी होत्या. ओझं पडलं की त्या सपाट होत, उतरलं की वर येत. खड्डा आला तरी आतल्या माणसाला कळत नसे.

धर्माने मोटारीला अडकवायचं पुढचं कडं कापून काढलं. तिथे सागाची दांडी बोल्टांनी आवळली, पुढे जू बसवलं. पत्र्याची भोकं बुजवली, वर तट्ट्याचं छप्पर केलं.

आमच्याकडे एक रीत आहे. जुनी गाडी विकली की जुना मालक तिच्यात एकदा शेवटचा बसतो. घेणारा म्हणतो, "उतरा आता." मालक उतरतो, मगच नवे बैल जुंपतात. शेजारी धोंडीबाई सुईण राहायच्या. त्यांनी विचारलं, ह्या गाडीतून कोण उतरलं?

धर्मा हसला. "गोऱ्या सायबाला बोलवू काय, विलायतेवरनं?"

कुणी नाही तर नुसती हाक तरी मार, असं त्या म्हणाल्या. त्याने मारली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कमानी दबलेल्या दिसू लागल्या. गाडी रिकामी, आणि कमानी सपाट. धर्माला वाटलं, लोखंड थकलं. त्याने लोहाराकडून पट्ट्या पुन्हा तापवून वाकवून घेतल्या, वर एक जादा पट्टी घातली. सकाळी बघतो तर पुन्हा तसंच. जुना माल असाच असायचा, असं म्हणून त्याने तो विषय सोडला.

गेल्या सालची मार्गशीर्ष वद्य एकादशी. दिवेलागणीला गोजरला कळा सुरू झाल्या. धोंडीबाईंनी पोटावरून हात फिरवून पाहिलं. मूल आडवं होतं.

"माझ्या हातचं नाय हे, धर्मा," त्या म्हणाल्या. "गाडी जुंप."

चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नव्हता. गोजरला पेंढ्यावर निजवलं, पायाशी धोंडीबाई बसल्या. गाडी खरोखरच पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती. गोजर फारशी कण्हतही नव्हती. धर्माला वाटलं, ह्या खेपेला आपण पोचणार.

इथे काकांनी आवाज खाली आणला.

सापगावच्या अलीकडे एक वहाळ आहे. पाणी आटलेलं होतं. गाडी खाली नीट उतरली. पलीकडच्या चढावर बैल थांबले. धर्माने शेपट्या पिरगाळल्या. हलेनात. एक बैल तर खालीच बसला. ओझं कमी करायला धोंडीबाई उतरल्या. धर्मा कंदील घेऊन मागे गेला. वाकला.

कमानी सपाट. भाताच्या गोणी भरल्यासारख्या. आणि आत एकटी गोजर... काडीसारखी.

त्याने कंदील आत धरला. दुसरं कुणी नव्हतं. गोजरचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. पण मान धर्माकडे नव्हती.

"धर्मा..." धोंडीबाई म्हणाल्या.

कंदील त्याने जमिनीवर ठेवला. हात जोडले.

"दादा... माझी बायको मरल. उतरा आता."

काही नाही.

नुसता अंधार.

मग गाडी एका अंगाला कलली. कुणी कडेवर पाय द्यावा, तशी. पुन्हा सरळ झाली. कमानी हळूहळू वर आल्या... करकरत. बसलेला बैल आपणहून उठला.

शहापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी जगल्या. सकाळी धर्मा आत गेला, तेव्हा गोजर जागी होती. लेकीकडे बोट दाखवायच्या आधी तिने त्याला विचारलं,

"अवो, त्यांना कुठं उतरवलंत?"

"कुणाला?"

"माझ्या उशाशी बसले होते ते. सगळी वाट माझं डोकं धरून होते. गाडी हलली की हातावर झेलायचे. लई कुडकुडत होते, म्हनून मी माझं घोंगडं दिलं. तिथं रानात उतरवलंत काय? अंधारात?"

धर्माने धोंडीबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

काका तेव्हा शहापुरात राहत. धर्मा दवाखान्यातून थेट त्यांच्याकडे आला. दोघे वहाळापर्यंत चालत गेले. गवत दवाने पांढरं झालं होतं आणि त्यावर कुणाच्या पावलाचा माग नव्हता. चढाच्या कडेला एका दगडावर घोंगडं होतं. चौकोनी घडी, छावणीत घालतात तशी. चारी टोकं जुळलेली, एक सुरकुती नाही.

"आपन घोंगडं गुंडाळतो रे," काका म्हणाले. "अशी घडी आपल्यात कोन घालतो?"

धर्मा हात लावेना. शेवटी काकांनीच ते उचललं.

शेकोटी विझत आली होती. लाकूड घालायला कुणी उठलं नाही.

"वरनं दवानं भिजलेलं," काका म्हणाले. "मी घडीत हात घातला, तर आत... गरम होतं."