नववा कॉलम

हे खरं घडलेलं आहे. नागेश माझा आतेभाऊ, परभणीत स्ट्रक्चरल इंजिनियर. त्याला साधी थाप मारता येत नाही, म्हणून तर त्याचं लग्न दोनदा मोडलं.

गेल्या वर्षीचा मे महिना, मंगळवार. गाव मानवत. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारी तीनची.

नागेशची आई जाऊन दोन महिने झाले होते. तो रडला नव्हता. जेवायचा, कामाला जायचा, पण आतून सगळं सुन्न.

बालाजी नावाच्या माणसाने त्याला घर बघायला बोलावलं होतं. एकच मजला, गच्चीवर पुढच्या बांधकामासाठी सोडलेल्या सळया.

"साहेब, अजून दोन मजले टाकायचेत. लेकरंबाळं वर राहतेल. घराला सोसंल का, तेवढं सांगा."

घर बालाजीच्या वडिलांनी, आश्रुबा गवंड्याने, स्वतःच्या हाताने बांधलेलं. आश्रुबाला जाऊन आठ वर्षं झाली होती.

नागेशने हातोडी काढली. आधी कॉलम वाजवून बघायची त्याची सवय. भरीव असला तर खणखणीत वाजतो, पोकळ असला तर बद्द.

आठ कॉलम खणखणीत वाजले.

नववा आतल्या कोपऱ्यात होता. तिथे बालाजीची आई तानुबाई बाजेवर बसली होती.

टक... टक...

आवाज चांगला आला. नागेश वळला.

आणि...

टक... टक...

आतून.

तो भिंतीमागे जाऊन आला. मागे मोकळं रान, चिटपाखरू नाही. त्याने पुन्हा तीनदा वाजवलं. थोड्या वेळाने तीनदा परत आलं... सावकाश, दमलेल्या माणसासारखं.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"रोजच वाजतंय," तानुबाई म्हणाली. "चहाच्या टायमाला मी दोनदा वाजवते. मंग तेबी वाजवतेत."

"कोण, मावशी?"

"बालाजीचे वडील. घर बांधताना पाऊस तोंडावर आलता. खाली कडक मुरूम लागायच्या आधीच ह्या खांबाचा खड्डा खणायचा सोडला त्यांनी. मरताना म्हनले, त्या कोपऱ्याची काळजी करू नको, तेवढा मी सांभाळतो."

बालाजी ओशाळला. "म्हातारी हाय, साहेब. लय मनावर घेऊ नका."

नागेशने कॉलमशेजारी खड्डा खणायला लावला. काळी माती उन्हाने आक्रसून फाटली होती. कंबरभर खाली पाया दिसला. त्याने बॅटरी मारली. पायाखाली...

काहीच नव्हतं.

त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला. आत कोमट लागलं. मे महिन्यात लागणारच म्हणा. पण तो कोपरा केव्हाच खचायला हवा होता, आणि वर गिलाव्याला केसाएवढीही चीर नव्हती.

"मग हे उभं कशावर हाय?" बालाजीने विचारलं.

आधी स्लॅबला टेकू द्या, खाली मुरमापर्यंत खणून काँक्रीट भरा, नाहीतर वर एक वीटही ठेवू नका, एवढंच नागेशने सांगितलं.

"भरू नका," तानुबाई म्हणाली.

"लेकरं राहायचीत, आई."

शुक्रवारी दुपारी काँक्रीट पडायला लागलं. आणि आतून...

टक... टक... टक टक टक...

भराभर.

मजुरांना तो मिक्सरचा आवाज वाटला. नागेशला कळत होतं. त्याने ओतणं थांबवलं नाही.

मग आवाज बंद झाला.

चार वाजता तानुबाई चहाचा कप घेऊन आली. बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, कान लावला. चहावर साय धरली तरी ती तशीच उभी होती.

काही आलं नाही.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "तुमी त्यांला मोकळं केलं, का गाडलं?"

ते दोन मजले आता उभे आहेत, लेकरं वर राहतात. नागेशचा सल्ला बरोबर होता, कोणताही इंजिनियर तेच सांगेल. कॉलम तो अजूनही तपासतो, पण हातोडी दुसऱ्याच्या हातात देतो. आणि ते वाजवून होईपर्यंत स्वतः घराबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो.