अकरा नंबरची चादर

त्या रुग्णालयात टाके दोन ठिकाणी पडायचे. आत डॉक्टर घालायचे, आणि मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून असलेल्या शिवणखोलीत टाकेबाई घालायच्या. हा विनोद पहिल्यांदा कुणी केला कोण जाणे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. उसवलेले डगले, नाड्या तुटलेल्या विजारी, मधोमध विरलेल्या चादरी असं सगळं त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं. सव्वीस वर्षं त्या ते शिवत होत्या. दुपारी दोनला सुट्टी झाली की घरी जायच्या आणि पुन्हा शिवायलाच बसायच्या.

घरचं शिवणं मात्र वेगळं. तिथं घाई नाही, वरून हुकूम नाही. तुकडे जमिनीवर मांडायचे, निळ्याशेजारी करडा बरा दिसतो की तांबडा, हे गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहायचं. मग एकदा धावदोरा सुरू झाला की सुई आपली आपण चालते, मनातला गाळ हळूहळू खाली बसतो. घरातले पडदे, उशांचे अभ्रे, खुर्चीवरच्या गाद्या, सगळं त्यांच्या हातचं होतं. आयुष्यात पूर्णपणे आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या दिवशी त्या कोठारात गेल्या होत्या साध्या सुयांच्या पुड्यासाठी. कोठारवाला बाद झालेल्या चादरींचा ढीग उपसत बसला होता. फरशी पुसायला फाडायच्याच आहेत, हव्या तर घेऊन जा, असं त्यानं सुयांबरोबरच सांगून टाकलं. टाकेबाईंनी डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडल्या. नवं कापड दुकानात मिळतं, पण मऊ कापड कुठंच विकत मिळत नाही. त्यासाठी कुणीतरी त्यावर बरीच वर्षं पडून राहावं लागतं. ढिगाच्या तळाशी एक चादर अशी हाताला लागली की त्यांनी ती नकळत गालाला लावली. चुन्याचा, वाफेचा वास होता, बाकी काही नाही. कोपऱ्यात काळ्या शाईचा शिक्का होता: पुरुष विभाग, ११.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला झटका आला होता. तेव्हापासून तो खाटेवर होता. वाचा गेली होती, अंग गेलं होतं. डावा हात तेवढा थोडा हलायचा, आणि डोळे. त्याआधी तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन उरलेल्या शोधायच्या. मारहाण नाही, दारू नाही, बाहेर लफडं नाही; माणूस सरळ आहे असंच सगळे म्हणायचे. फक्त शब्दाला महाग. टाकेबाईंनी नवीन गोधडी अंथरली की तो टाक्यांच्या ओळीवरून बोट फिरवत जायचा, वाकडा टाका आला की थांबायचा आणि म्हणायचा, "हा बघ." बोट उचलून निघून जायचा. हजार सरळ टाक्यांबद्दल तोंडातून ब्र नाही. असल्या गोष्टीची तक्रार करायची तरी कुणाकडे?

थंडी पडली तशी गोधडी पुरी झाली. अकरा नंबरच्या चादरीचा मऊ मधला भाग त्यांनी वरच्या काठाला घातला, नवऱ्याच्या हनुवटीखाली येईल असा. शिक्क्याचा कोपरा कापायला हवा होता, पण तेवढंच कापड कमी पडत होतं. म्हणून शिक्का तसाच राहिला.

गोधडी त्याच्या अंगावर घातल्यापासून तिसऱ्या दुपारी त्या खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून दोरा ओवत होत्या. बाहेर धुकं त्या दिवशी दुपारीही विरलं नव्हतं, खिडकीच्या काचा पांढऱ्या होत्या. घड्याळाची टिकटिक आणि त्याचा घरघरता श्वास, एवढाच आवाज. तो श्वास मध्येच थांबला.

"थकलीस का?"

सुई बोटात घुसली तरी त्यांना कळलं नाही.

"बस जरा… किती पळतेस."

आवाज त्याच्याच तोंडातून येत होता. ओठ जेमतेम हलत होते. पण नवऱ्याचा आवाज बारीक होता, धारदार. हा भरड होता, थोडा बसलेला, जुन्या लोकरीसारखा. आणि डोळे… डोळे त्यांच्याकडे नव्हतेच. ते खाली वळले होते, स्वतःचं तोंड दिसतंय का हे बघायची धडपड करत होते. आपल्याच घरातून परका माणूस बोलताना ऐकू यावा आणि आपण दाराबाहेर उभं असावं, तसे.

डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधी कधी, शब्द परत येतात, आनंद माना. टाकेबाईंनी मानला. तीन वर्षं न ऐकलेला आवाज नेमका कसा होता, हे शपथेवर कोण सांगणार?

सकाळच्या वेळी शेजारीण त्याच्यापाशी बसायची. ती दोन वर्षांपूर्वीच तिथं राहायला आलेली, एकटी बाई, हातात सदा विणकाम. दूरच्या नातवंडांसाठी स्वेटर विणायची. पोरं वाढायची तिच्या सुयांपेक्षा वेगानं, त्यामुळं प्रत्येक स्वेटर पोचेपर्यंत आखूड व्हायचा आणि ती पुन्हा नवीन विणायला घ्यायची. तिनं टाकेबाईंच्या नवऱ्याला बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. ती कौतुकानं म्हणाली की तुमचे हे सकाळपासून दहा वेळा विचारतात, ती आली का म्हणून. भाग्यवान आहात ताई. मग लोकर गुंडाळता गुंडाळता एवढंच पुटपुटली, की बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी मात्र फार येतं.

चार दिवसांनी टाकेबाईंनी गोधडी काढून साधं पांघरूण घातलं. दुपार गेली, शब्द नाही. गोधडी परत घातली. अर्ध्या तासानं तो भरड आवाज आला, "आलीस?" गोधडी उलटी फिरवून वरची बाजू पायाशी नेली. पुन्हा शांतता. तेव्हा त्यांनी काठाचा तो शिक्का अंगठ्यानं चाचपला.

दुसऱ्या दिवशी त्या पुरुष विभागातल्या जुन्या सिस्टरकडे गेल्या. आडून आडून विचारलं. सिस्टरला आठवत होतं. अकरा नंबरला एक जण चार महिने होता, दोन वर्षांपूर्वी. त्याची बायको कामावरून सुटली की दोन बस बदलून यायची, आणि तो रोज पहिला शब्द तोच बोलायचा, थकलीस का. शेवटच्या दिवशी तिला उशीर झाला. तो दाराकडे बघत विचारत राहिला, ती आली का, आणि ती यायच्या आत गेला.

"तिनं नंतर ती चादर मागितली होती," सिस्टर म्हणाली. "नियमात बसत नव्हतं. धुलाईला गेली."

ती बाई अजून अधूनमधून येते आणि पुरुष विभागाबाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसून जाते, असंही सिस्टरनं सांगितलं. त्या आठवड्यात टाकेबाईंनी तिला पाहिलं. लहान चणीची बाई, मांडीवर पिशवी, पायातल्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. टाकेबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. बोलायचं ते ओठांपर्यंत आलंही होतं. त्या बाईनं बाजूला सरकून जागा करून दिली आणि विचारलं, तुमचंही कुणी आत आहे का? टाकेबाई नाही म्हणाल्या आणि उठल्या.

घरी मात्र त्या उसवायचं ठरवूनच आल्या होत्या. तेवढा तुकडा सोडवायचा, धुवायचा, तिच्या हातात नेऊन द्यायचा. कात्री घेऊन त्या खाटेवर बसल्या तेव्हा नवऱ्याचा डावा हात सरपटत वर आला. बोटं शिक्क्यावर येऊन थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्या डोळ्यांत सरळ बघत होता, आणि विनवत होता. काढ हे. एवढं काढ.

आणि त्याच वेळी त्याचं तोंड उघडलं.

"थकलीस ना… ये, इथं बस. हात बघू तुझे."

टाकेबाईंनी हात पुढे केले. चौतीस वर्षांच्या संसारात कुणी त्यांचे हात बघायला मागितले नव्हते. हे बोलणं दुसऱ्या बाईसाठी होतं हे त्यांना ठाऊक होतं. उष्टं होतं. पण जन्मभराच्या उपाशी माणसानं उष्टं म्हणून ताट लोटायचं का? त्यांनी कात्री खिडकीत ठेवली. नवऱ्याची बोटं शिक्क्यावरून उचलून गोधडीखाली सारली, जरा जोरानंच.

त्यानंतर दुपारी धावत घरी येणं आलं. शिवणखोलीत त्या गुणगुणू लागल्या. घरी आल्यावर खाटेशी बसून दिवसभराचं सगळं सांगायच्या, कुणाचा डगला कसा फाटला ते, आणि तो आवाज म्हणायचा, "असं होय… मग?" नवऱ्याचा डावा हात गोधडी खाली ढकलायचा, त्या वर ओढायच्या. तो पुन्हा ढकलायचा. मग एक दिवस त्यांनी चार कोपऱ्यांना चार नाड्या शिवल्या आणि खाटेच्या चार पायांना बांधल्या. वळवळणाऱ्या रोग्यांचं पांघरूण असंच बांधतात, यात वावगं काय? टाके इतके बारीक घातले होते की एकही वाकडा नव्हता. त्याला दिसावा म्हणून त्यांनी एक कोपरा त्याच्या डोळ्यांसमोर धरलासुद्धा.

"हा बघ," त्या म्हणाल्या.

थंडी सरली. उन्हं तापली. पंख्याखाली बसूनही घामाच्या धारा लागत होत्या. शेजारणीनं हळूच सुचवलं की एवढ्या उकाड्यात गोधडी कशाला, ताई, त्यांचं अंग बघा कसं भिजलंय. टाकेबाई म्हणाल्या की त्यांना थंडी वाजते, त्यांनीच सांगितलं मला. शेजारीण त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग नजर विणकामाकडे वळवली. दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं, याला मर्यादा असते.

तो गेला एका दुपारी, टाकेबाई बाजूला बसून सांगत असतानाच. शेवटचा शब्द भरड आवाजातला होता. "उशीर झाला…" मग डावा हात नाडीशी गेला, गाठीवर दोनदा बोट घासलं आणि तिथंच राहिला. त्यांना त्याचं बोट सोडवून घ्यावं लागलं, मग गाठ. माणसं यायच्या आत त्यांनी चारही नाड्या उसवून टाकल्या.

सगळे म्हणाले, किती केलंत हो नवऱ्याचं. तीन वर्षांत पाठीला एक जखम नाही, अंगावरचं पांघरूणसुद्धा हातानं शिवलेलं. मुलगी दूरवरून आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि पाचव्या दिवशी गेली. टाकेबाईंनी मान खाली घालून सगळं कौतुक ऐकून घेतलं. ज्या घरात उभ्या आयुष्यात शाबासकी मिळाली नाही, तिथं ती आता ओंजळीनं मिळत होती, आणि तिची चव त्यांना सांगता येत नव्हती.

घर रिकामं झाल्यावर त्यांनी गोधडी स्वतःच्या अंगावर घेतली. शिक्का हनुवटीखाली. वाट बघितली. पहिल्या दुपारी काही नाही. दुसऱ्या दुपारी नाही. आठवडा गेला. कामावरून येऊन त्या पडून राहायच्या, छताकडे बघत, घामानं चिंब, आणि कुणीतरी विचारायची वाट बघायच्या. शेजारीण सवयीनं येऊन खुर्चीत बसायची. सुयांची टकटक ऐकता ऐकता टाकेबाईंचा डोळा लागायचा.

अशाच एका दुपारी त्यांना जाग आली ती शांततेनं. सुया थांबल्या होत्या. शेजारीण खुर्चीत नव्हती. उंबऱ्याच्या बाहेर, लोकर छातीशी धरून उभी होती.

"काय झालं?" टाकेबाईंनी विचारलं.

"तुम्ही झोपेत बोललात, ताई."

टाकेबाई कोपरावर उठल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्याला रंग आला. "काय बोलले? थकलीस का, असं?"

शेजारणीनं नाही म्हणून मान हलवली. "तो आवाज मला पाठ झालाय. हा तो नव्हता. हा… बारीक होता. बाप्याचा, पण बारीक."

टाकेबाईंनी शिक्क्याकडे पाहिलं.

"काय म्हणाला?"

"जाऊ द्या ना, ताई."

"सांगा."

"माझ्याकडे बघून म्हणाला… तुमचे डोळे मिटलेले होते, तरी माझ्याकडेच बघून. म्हणाला, हळू बोला. मी इथं आहे हे तिला कळू देऊ नका." शेजारीण एक पाऊल मागं सरली. "आणि मग म्हणाला… तिच्या हातात नाड्या नाहीत ना, ते बघा."

टाकेबाईंनी गोधडीखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि उजेडात धरले. हात रिकामे होते. शेजारीण तरीही उंबऱ्याच्या आत आली नाही.