पाठीचा फोटो

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर सोडून द्या.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा, आणि जिनं मला सांगितली ती माझी आई. आईला खोटं बोलता येत नाही. मामाला दुसरं काही येत नव्हतं.

भुताची गोष्ट म्हटली की लोक मध्यरात्रीची वाट बघतात. इथे मध्यरात्र नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. दुसरं महायुद्ध संपून आठ वर्षं झाली होती. सुरुवात डिसेंबरच्या एका दुपारी. जागा जपानमधल्या ओसाकातली, तेन्नोजी स्टेशनजवळच्या रेल्वे पुलाखालची.

मामाचं नाव एइकिची. आजोबांनी बटणांचं चालतं दुकान मागे ठेवलं होतं. ते सांभाळायची धाकटी बहीण, म्हणजे माझी आई फुसाए. मामा सांभाळायचा फक्त कॅमेरा.

तेव्हा फोटोक्लबांचं पीक आलं होतं. रविवार उजाडला की ही मंडळी इस्त्रीचे कोट चढवून निघायची. कुठे? जिथे माणसं उपाशी असतील तिथे. स्टेशनबाहेर इस्पितळाच्या पांढऱ्या कपड्यातला लंगडा सैनिक पेटी वाजवत भीक मागत असला की त्याच्या वाडग्यात पडायचं काहीच नाही, पण भोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं. मग महिन्याच्या शेवटी मासिकाच्या स्पर्धेत फोटो धाडायचे. ज्याचा भिकारी जास्त केविलवाणा, त्याला बक्षीस.

याला ते "समाजाचं सत्य" म्हणायचे. मला ऐकूनच किळस येते.

क्लबचे गुरू हागिवारा सर. त्यांचा एकच मंत्र. "मांडायचं नाही, सांगायचं नाही. समोरच्याला कळायच्या आत टिपायचं. पोज दिलेला फोटो म्हणजे खोटा फोटो."

मामा मान डोलवायचा. त्याला वर्षाचं पहिलं बक्षीस हवं होतं. त्यापलीकडे त्याला जगात काही नको होतं.

आणि पुलाखाली त्याला योने आजी सापडली.

आजी रस्त्यावरची सिगारेटची थोटकं वेचायची. त्यातली तंबाखू काढून नव्या कागदात वळून विकायची. कमरेत पार वाकलेली. मामाला ती वाकलेली पाठ फार आवडली. दर रविवारी तो मागून यायचा, पाठ टिपायचा, निघून जायचा.

आजीला दिसायचं नाही असं त्याला वाटायचं. आजीला सगळं दिसायचं.

"काय हो कॅमेरेवाले," ती एकदा मागे न वळता म्हणाली, "आज पण पाठच? पाठीला काय सोनं लागलंय माझ्या?"

मामा दचकला. मग ओशाळं हसला. "तुम्ही तुमचं काम करा आजी. माझ्याकडे बघू नका."

"बघू नका काय! मला तोंड आहे की. तोंडाचा काढा एक."

"तोंडाचा कशाला?"

आजी कमरेवर हात ठेवून जमेल तेवढी सरळ झाली. "मेल्यावर पितरांच्या देव्हाऱ्यात लावायला. घर जळलं तेव्हा नवऱ्याचा फोटो जळला. लेकाचा जळला. आता त्यांची तोंडं फक्त माझ्या डोक्यात आहेत. मी गेले की तीही जातील. निदान माझं तोंड कुठेतरी राहू दे बाबा. नाहीतर पितरांच्या दिवसांत मला कोण ओळखणार, कोण घरात बोलावणार?"

कुणालाही गलबललं असतं. मामाला काय सुचलं असेल?

"असे फोटो स्टुडिओत काढतात आजी," तो म्हणाला. "मी पोज घेत नाही. मी फक्त सत्य टिपतो."

आणि मग तो डिसेंबरचा रविवार आला. हाडात शिरणारी थंडी. आजीच्या अंगावर कापूस भरलेला जुना जाड कोट होता. त्या कोटात ती वाकलेली दिसेना. उबदार दिसायला लागली. उबदार म्हातारीला बक्षीस कोण देणार?

सत्य टिपणारा माझा मामा गरम भाजलेलं रताळं घेऊन तिच्यापाशी गेला.

"आजी, कोट काढता का जरा? दोनच मिनिटं. मग तुमचा तोंडाचा फोटो काढतो. शप्पथ."

"खरंच?" आजीनं लगेच बटणं सोडली. "केस नीट करू का?"

"नंतर. आधी वेचा."

ती वेचत राहिली. तो टिपत राहिला. बोटं निळी पडली, पाठीचे मणके पातळ सदऱ्यातून वर आले. मामा खूश.

मग आजी त्याच्याकडे वळली. गुडघे मुडपून खाली बसली, केसांवरून हात फिरवला, हात मांडीवर ठेवले, हलकं खाकरली. फोटोसाठी तयार झाली.

"अरेरे," मामा म्हणाला. "रोल संपला हो! पुढच्या रविवारी नक्की."

रोल संपला नव्हता.

तो सायकलवर बसला आणि निघाला. इतक्या घाईत, की आजीनं काढून त्याच्या सायकलीवर ठेवलेला कोट तसाच मागे बांधलेल्या सामानात अडकून घरी आला.

"दादा, हा कुणाचा कोट?" आईनं विचारलं.

त्यानं सांगितलं.

"अरे मग जा ना! आत्ता देऊन ये. थंडी बघतोयस ना बाहेरची?"

"रोल धुवायचाय. उद्या देतो." त्यानं कोट खिळ्याला टांगला.

उद्या गेला नाही. परवा गेला नाही. रविवारी गेला, तर कोट घरीच विसरून. पुलाखाली कुणी नव्हतं. शेजारी बूटपॉलिश करणारी बाई होती, तिला विचारलं.

"गेली ती," बाई ब्रश थांबवून म्हणाली. "थंडीनं गेली. पाठीवर काही नव्हतं. तुम्हाला पाठच आवडायची ना?"

मामानं सायकल वळवली.

"बेवारस म्हणून उचललं तिला. शेवटपर्यंत म्हणत होती, कॅमेरेवाले माझा फोटो काढणार आहेत. आणलाय का रोल?"

मामा तिथून सटकला. त्याच आठवड्यात त्यानं पाठीचा तो फोटो स्पर्धेला धाडला. महिन्याचं पहिलं बक्षीस मिळालं. सरांनी पाठ थोपटली. "बघा, याला म्हणतात न मांडलेला फोटो!"

मामानं मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

इथून पुढचं... आई सांगायची तेव्हा तिचा आवाज बारीक व्हायचा.

मामाची डार्करूम म्हणजे भिंतीतलं गाद्या ठेवायचं कपाट. आत शिरून दार सरकवलं की भर दुपारी मिट्ट काळोख, फक्त लाल दिवा. बक्षिसानंतरच्या एका दुपारी तो आत होता. आई दुकानात. घरात तिसरं कुणी नाही.

दाराबाहेर कुणीतरी बसलं...

चटई दबल्याचा आवाज झाला. मग केसांवरून हात फिरवल्यासारखी सळसळ. मग...

हलकं खाकरणं.

"फुसाए?" मामानं विचारलं.



त्यानं दार सरकवलं. समोर रिकामी चटई.

तो परत आत वळला. ट्रेमधल्या पाण्यात कागदावर चित्र उमटत होतं. गेल्या रविवारचा फोटो, लंगडा सैनिक, बाजूनं टिपलेला. त्याला कळूसुद्धा दिलं नव्हतं.

कागदावरचा सैनिक सरळ समोर बघत होता.

गुडघे जुळलेले. हात मांडीवर. चेहरा शांत. घरोघरी देव्हाऱ्यात गेलेल्यांचा असतो ना, तस्सा.

मामानं दुसरा कागद बुडवला. मासे विकणारी बाई. तीही समोर, हात मांडीवर. तिसरा, मजूर. तोही.

कुणीही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्याला पक्कं माहीत होतं.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मामा त्या गरिबांनाच शिव्या घालू लागला. "साले मुद्दाम बघतात माझ्याकडे!" भ्यायलेला माणूसही किती हलका असतो बघा.

फक्त आजीचा फोटो जसाच्या तसा होता. पाठ. म्हणून वर्षाच्या स्पर्धेला त्यानं तोच दिला, मोठा करून. स्वतः छापला, स्वतः गुंडाळला. मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रदर्शन होतं. सकाळी भिंतीवर टांगलाही त्यानंच. तेव्हा पाठच होती. आई शेजारी उभी होती, तिनंही बघितली.

दार उघडलं. गर्दी आली. मामा फोटोकडे पाठ करून लोकांशी बोलू लागला.

मागे कुणीतरी खाकरलं...

मामा जागच्या जागी थिजला.

समोरची एक म्हातारी त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिनं हळूच हात जोडले. वाकली. मग शेजारचा माणूस वाकला. मग त्याच्या मागचे.

हागिवारा सर पुढे आले. चेहरा लाल.

"एइकिची, हा काय चावटपणा आहे? ही तर पोज आहे!"

मामा वळला.

योने आजी समोर बघत होती. केस नीट बसवलेले. हात मांडीवर. अंगात जाड कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"सर, मी नाही... मी असा काढलाच नाही..."

"मग कुणी काढला? खोटारडा! मांडून फोटो काढतोस आणि आमच्यात उभा राहतोस?"

बक्षीस गेलं. क्लबमधून नाव गेलं. आयुष्यात पहिल्यांदा ज्या गोष्टीत तो खरं बोलला, त्यावरूनच त्याला हाकललं. मला त्याची दया येत नाही.

मामा धावत घरी आला. मागोमाग आई, हातात आजीचा फोटो.

कोट खिळ्यालाच होता.

मामानं हात लावला आणि मागे सरला. आईनंही लावून बघितला.

कोट गरम होता. आत्ताच कुणी अंगातून काढून ठेवल्यासारखा.

आईनं तो फोटो चौकटीत घातला आणि आमच्या देव्हाऱ्यात ठेवला. आजीचं कुणी नव्हतं. तेव्हापासून पितरांच्या दिवसांत आमच्याकडे तिलाही बोलावतात. भाताच्या वाटीत तिचाही वाटा असतो.

मामानं कॅमेरा विकला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण पुढे आईचं लग्न झालं. लग्नात सगळ्यांचा फोटो काढला. मामा पुढच्या रांगेत, समोर बघत बसला होता. सगळ्यांनी पाहिलं. फोटो आला तेव्हा सगळ्यांचे चेहरे होते. मामाची पाठ होती.

माझ्या बारशाच्या वेळी, पाठ. स्टुडिओत एकट्याला बसवला, पाठ. स्टुडिओवाला तीनदा काढून रडकुंडीला आला. दर फोटोत पाठ जरा जास्त वाकलेली. अंगात पातळ सदरा.

मामा म्हातारपणी कळवळून म्हणायचा, "फुसाए, माझं तोंड कुठेच नाही गं. मला कोण ओळखणार?"



तो गेला तेव्हा घरभर शोधलं. तोंडाचा एक फोटो नव्हता. शेवटी पाठीचाच लावला. आजही आमच्या देव्हाऱ्यात या दोन चौकटी शेजारी शेजारी आहेत. एक आजीचा चेहरा, एक मामाची पाठ. आम्ही पाठीला नमस्कार करतो. पाहुणे विचारतात, आम्ही विषय बदलतो.

आई मायाळू. थंडी पडली की तो जुना कोट घडी करून मामाच्या चौकटीखाली ठेवायची. कसाही असला तरी भाऊ. आता आई नाही, म्हणून मी ठेवते.

सकाळी उठून बघते तर कोट आजीच्या चौकटीखाली असतो...

दरवर्षी. घरात मी एकटीच असते.

मी तो परत हलवत नाही. फक्त हात लावून बघते.

गरम असतो.